पहिले चौकशी, मंग पोहे

आप्पा बोरशांनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतली नाही. घरात सून करून आणावी तशी त्यांनी प्रत्येक वस्तू करून आणली. साधा मिक्सर घ्यायचा तरी दुकानदाराला पहिला प्रश्न, हा मूळचा कुठला? मग घराणं जुनं की नवं, म्हणजे कंपनी किती वर्षांची. मग भावंडं किती, म्हणजे आणखी कोणकोणती मॉडेलं. आणि शेवटी आवाज खाली आणून, "काही व्यसन?" म्हणजे वीज किती खातो. जुनी स्कूटर पाहायला गेले तेव्हा तिच्या गुजराती मालकाला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, की पहिलं घर का मोडलं. तो बिचारा बराच वेळ पटवत राहिला की माझं घर शाबूत आहे, बायको आत रोटली करते आहे, हवं तर बाहेर बोलावतो.

दोष आप्पांचा नव्हता, सवयीचा होता. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगांच्या गोदामावर त्यांची नोकरी झाली, पण ती पोटापुरती. खरा जीव सोयरिकी जुळवण्यात. पांडेसरा, उधना, लिंबायत इथं, गुजरातेत स्थिरावलेल्या खानदेशी मंडळींत कुणाच्या घरी मुलगी लग्नाची झाली की बापाची पावलं आप्पांच्या दाराकडे वळायची. त्या बदल्यात आप्पांनी कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही. त्यांचं एकच ब्रीद होतं, "पहिले चौकशी, मंग पोहे." म्हणजे मुलाची चहूबाजूंनी माहिती काढल्याशिवाय त्याला पोह्यांना बोलवायचं नाही. तोवर नुसता चहा, तोही अर्धा कप. आप्पांच्या हातून पोह्यांची बशी मिळाली की स्थळ पक्कं, हे आमच्या सोसायटीतली पोरंसोरंसुद्धा सांगायची.

आणि ह्या माणसाची स्वतःची मुलगी तिशी ओलांडून घरात होती. नंदा पांडेसऱ्यातल्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवायची. हुशार, तोंडाची फटकळ, हसली तर वर आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापलेकच एकमेकांना धरून. आप्पांनी तिच्यासाठी चौकशा केल्या त्या इतक्या खोल की बरीचशी स्थळं मधेच दमून परत गेली. जी थोडी पोह्यांपर्यंत पोचली, त्यांतल्या शेवटच्यानं कहर केला. मुलाच्या काकांनी नंदाला दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं, वर पोह्यांची दुसरी बशी मागून खाल्ली, आणि कळवतो म्हणून गेले. ते फाटकाबाहेर पडायच्या आत नंदानं सांगून टाकलं, "आप्पा, आजपासून पोह्यांची बशी घेऊन मी कुणाच्या पुढे येणार नाही. घरात स्थळ आणलंत तर मी मागच्या दारानं निघून जाईन."

नंदा बोलते ते करते, हे आप्पांना पक्कं माहीत होतं. जगाची लग्नं लावणारा माणूस स्वतःच्या घरात तोंड मिटून बसला. एकदा मला जिन्याच्या पायरीवर गाठून म्हणाले, "वहिनी, गावाच्या पोरी उजवल्या. माझीच राहून गेली, आणि आता तर मला तोंड उघडायचीही सोय नाही." मला फार वाईट वाटलं. पण नंदाचंही काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी घरात कॉम्प्युटर आणला. त्याची चौकशी किती लांबली ते आता सांगत बसत नाही. आमच्या समाजाच्या मंडळाकडे आलेल्या लग्नाच्या मुलामुलींची सगळी माहिती त्यात भरायची, म्हणजे दर वर्षीच्या वधूवर मेळाव्याला कागदांच्या पिशव्या उपसायला नकोत, असा बेत होता. भरायचं काम नंदाचं, ऑफिसातून आल्यावर. उधन्याच्या आमच्या सोसायटीतला तो पहिलाच कॉम्प्युटर. त्याच्यावर मिलच्या नापास कापडाचं गुलाबी पांघरूण असायचं आणि दसऱ्याला झेंडूचा हार. माझ्या बँकेत त्याच सुमारास कॉम्प्युटर आल्यामुळे सोसायटीनं मला परस्पर तज्ज्ञ ठरवलं होतं. खरं तर मला बँकेत एक बटण दाबून थांबायचं असतं एवढंच शिकवलं होतं. त्यातलं थांबणं मला उत्तम जमायचं.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी खालून आप्पांची हाक आली. धावत गेले. पडद्यावर एका मुलाची माहिती होती आणि तिच्यातली अक्षरं एकेक करून सुटून खाली पडत होती. आधी शिक्षणातलं एक निसटलं, मग नोकरीतलं, मग मामाच्या आडनावातलं. बघता बघता तळाशी ढीग साचला, झोडपलेल्या शेंगांचा साचतो तसा. आप्पा पडद्याखाली ओंजळ धरून उभे होते. "नंदा, हाई काय व्हयनं वं?" नंदानं शांतपणे सांगितलं की हा व्हायरस आहे, कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला असेल, आमच्या ऑफिसातही येऊन गेला.

आता तज्ज्ञानं बोलणं भाग होतं. बँकेत कानावर पडलेलं सगळं मी सांगून टाकलं. अँटीव्हायरस नावाचा प्रोग्राम असतो, तो व्हायरस हुडकतो आणि मारतो. त्यात दोन प्रकार. एक विकतचा, बंद डब्यात येतो, पुस्तकासकट, आणि नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी फ्लॉपी कंपनी टपालानं घरी पाठवत राहते. दुसरा फुकटचा, तो ह्याच्याकडून त्याच्याकडे फ्लॉपीवरून जातो, पण दर महिन्याला कुणीतरी ताजी फ्लॉपी आणून घालावी लागते, नाही तर तो आंधळा होतो. ऐकता ऐकता आप्पांच्या डोळ्यांत मी बऱ्याच दिवसांनी तेज पाहिलं. एकाच वेळी दोन स्थळं चालून आली होती.

विकतचं स्थळ पाहायला आम्ही रिंग रोडला गेलो. दुकानदारानं डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "काका, लई लो ने, सारी वस्तु छे." म्हणजे घ्या, चांगली वस्तू आहे. आप्पा म्हणाले, "सारी छे, पण घर केवुं छे?" घर कसं, म्हणजे कंपनी कशी. दुकानदार जरा गोंधळला आणि म्हणाला, कतारगामात आहे, दोन खोल्या वर काढल्यात. मग आप्पांनी कंपनीचं मूळ गाव विचारलं, आजवर कुठं कुठं दिला आणि त्यातले किती घरी परत आले ते विचारलं, आणि डबा उघडून दाखवायला सांगितलं. सील तोडलं तर घ्यावंच लागेल, असं दुकानदार म्हणाल्यावर आप्पा उठले. मुलगा बघू देत नाहीत आणि अक्षता टाका म्हणतात, असं ते बसमध्ये उधन्यापर्यंत पुटपुटत होते.

फुकटचं स्थळ मात्र पायानं चालत घरी आलं. नंदाच्या ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला विलास देवरे नावाचा एक माणूस यायचा, त्यालाच तिनं निरोप दिला होता. पस्तिशीचा, कामरेजला छोटं दुकान, स्कूटरवरून पांडेसऱ्यापर्यंत कामं करत फिरायचा. बोलताना माणसाकडे न बघता कीबोर्डकडे बघायची त्याला सवय होती. त्यानं फ्लॉपी घातली, मशीन थोडं घरघरलं, आणि मामाचं आडनाव पुन्हा जागेवर आलं. पैशांचं विचारलं तर म्हणाला, प्रोग्रामच फुकटचा, त्याचे कसले घेणार. महिन्यानं ताजी फ्लॉपी घेऊन येतो.

आप्पांनी त्याच्यापुढे अर्धा कप चहा ठेवला आणि समोर मांडी ठोकली. मूळचा कुठला, असं त्यांनी विचारलं. विलासला वाटलं प्रोग्रामबद्दल विचारतात, म्हणून त्यानं सांगितलं की परदेशातला कुणीतरी बनवतो. "तो राहू द्या. तुम्ही कुठले?" तो शिरपूरकडचा निघाला. घरी आई. बहिणींची लग्नं ह्यानंच उरकलेली, स्वतःचं करायचं राहून गेलेलं. व्यसन विचारलं तर खूप विचार करून म्हणाला, जुने रेडिओ आणतो आणि वाजते करतो. मला ह्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण आप्पा सिलिंडरवाल्यालाही मामेकुळ विचारायचे. नंदा आमच्याकडे पाठ करून टाइप करत होती. तिनं मान वळवली नाही.

मग हे दर महिन्याचंच झालं. विलास यायचा, कॉम्प्युटर स्वच्छ करून जायचा, आणि महिना भरत आला की अक्षरं पुन्हा पडायला लागायची. मी आप्पांना म्हणायची, फुकटचं औषध लागू पडत नाही, आता विकतचं आणा. त्यांच्याकडे दर वेळी नवी हरकत तयार. कंपनी फार लांबची आहे. डब्याचा रंग भडक आहे, धुतला की उतरेल. विकतवाला एकदा डबा गळ्यात मारला की परत तोंड दाखवत नाही, फुकटचा कसा नेमानं येतो.

बरं, दोन्हींतला फरक त्यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. विलास आला की ते मला स्वयंपाकघरात बोलावत आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लावत. टपाल कुणाचं, फ्लॉपी कुणाची, आंधळा कोण होतो. मी ओट्यापाशी उभी राहून घसा कोरडा करायची आणि आप्पा माझ्या खांद्यावरून बाहेरच्या खोलीकडे बघत नुसतं हुं हुं करायचे. बाहेर नंदा आणि विलास पडद्यापुढे डोकं घालून हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे, मला वाटे व्हायरसबद्दल. पुढच्या महिन्यात आप्पा सगळं विसरलेले. जन्मभर रंगांच्या डब्यांचे नंबर तोंडपाठ ठेवलेल्या माणसाला ही चार वाक्यं ध्यानात राहू नयेत, ह्याचा मला मनस्वी राग यायचा. वर येऊन मी नवऱ्याला सांगायची की आप्पा आता थकले.

चहा मात्र सुधारत गेला. अर्ध्या कपाचा पूर्ण कप झाला, त्याच्या जोडीला खारी आली, खारीचा चिवडा झाला, आणि कोजागरीला तर विलासपुढे माव्याची आख्खी घारी होती. पोहे तेवढे नव्हते.

दिवाळी झाली आणि एका दुपारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः विकतचा डबा काखेत मारून आले. मेळावा तोंडावर, सगळ्या समाजाच्या मुलामुलींची माहिती एका आजारी कॉम्प्युटरवर, आणि ह्यांची चौकशी काही संपत नाही. मंडळानं खर्च केला आहे, उद्या दुकानाचा माणूस येऊन बसवेल, आता एक शब्द नको. मीही अध्यक्षांच्या बाजूनं दणकून बोलले. आप्पा म्हणाले उद्या अमावस्या आहे. मग म्हणाले पांघरूण धुवायला टाकलंय. अध्यक्षांनी डबा टेबलावर आपटला आणि ते निघून गेले. आप्पा तो डबा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. इतका हरलेला माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता, आणि एका डब्यापायी एवढं काय, तेही मला समजेना.

विलासची फेरी नेमकी त्याच संध्याकाळी होती. त्यानं डबा हातात घेतला, मागची बाजू वाचली. आप्पा मोठ्या आशेनं म्हणाले, बघा बरं, ह्याच्यात काहीतरी खोट असणारच.

विलासनं नेहमीसारखं कीबोर्डकडे बघत सांगितलं, "खोट नाही, आप्पा. माझ्या फुकटच्यापेक्षा हे चांगलं आहे. हेच बसवा. मग मला यायची गरज पडणार नाही."

नंदाची टाइप करणारी बोटं थांबली. तशीच पाठमोरी राहून तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही यायचे नाही?"

"बोलावलंत तर येईन," विलास म्हणाला. मग डबा टेबलावर ठेवत म्हणाला, "नाही बोलावलंत तर मला दुसरं काहीतरी कारण काढावं लागेल."

आप्पा उठून आत गेले. ह्या खेपेला त्यांनी मला बोलावलं नाही. थोड्या वेळानं मोहरीचा तडतडाट आणि हळदीचा वास आला. मी आत डोकावले तर आप्पा कढईपुढे उभे राहून पोहे हलवत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते. कांद्यामुळे, असं म्हणाले. कांदा अजून चिरलेलाच नव्हता.

दोन बशा ते स्वतः बाहेर घेऊन आले. एक विलासपुढे ठेवली, दुसरी कीबोर्डशेजारी, नंदापुढे. "माझी चौकशी केव्हाच झाली आहे," ते म्हणाले. "आता खा."

मागचं दार उघडंच होतं. मी नंदाकडे बघत राहिले. तिनं एक घास खाल्ला, आप्पांना सांगितलं की मीठ जास्त झालंय, आणि सगळी बशी संपवली.

तेव्हा कुठं तज्ज्ञाच्या डोक्यात प्रकाश पडला. महिनोन्‌महिने मी ओट्यापाशी कुणाला काय समजावत होते आणि ते कशासाठी चाललं होतं, हे सगळं एकदम ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस आला त्याला आप्पांनी अर्धा कप चहा पाजून परत पाठवलं. मेळाव्याचे दोन्ही दिवस विलास कॉम्प्युटरशेजारी बसून होता, एक अक्षर पडलं नाही. अध्यक्षांनी डब्याचं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "चौकशी चालू शे."

हळदीच्या दिवशी मी नंदाला म्हटलं, तुझ्या बापानं काय शिताफीनं तुला फसवलं बघ. तर ती हसायलाच लागली. "ताई, ते तुम्हाला स्वयंपाकघरात न्यायला लागले तेव्हाच मला कळलं. पण व्हायरस दर महिन्याला परत कुठून यायचा, हे तुम्ही कधी विचारलंच नाही." तिनं ऑफिसातली ती आजारी फ्लॉपी पर्समध्ये जपून ठेवली होती. विलासची तारीख जवळ आली की हळूच घालायची. मी कपाळावर हात मारला. समाजाच्या एवढ्या मुलामुलींची माहिती होती त्यात. ती म्हणाली, सगळं वेगळं उतरवून ठेवलं होतं, आणि तो व्हायरस तसा गरीब आहे, काही खात नाही, नुसती अक्षरं पाडतो. आप्पांना ह्यातलं काही ठाऊक आहे का, असं मी विचारलं. नाही, असं ती छातीठोकपणे म्हणाली.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी आप्पा रडले नाहीत, विलासच्या स्कूटरच्या टायरमध्ये हवा आहे का ते बघत राहिले. नंदा कामरेजला गेली आणि खालून येणारं हसू बंद झालं. सुरुवातीला दोघं दर महिन्याला ताजी फ्लॉपी घेऊन यायची. मग विलासचं दुकान वाढलं, नंदाही तिथंच बसायला लागली, एक महिना हुकला, मग दुसराही.

उन्हाळ्यात एकदा मी कैरीचं लोणचं द्यायला खाली गेले. कॉम्प्युटर पांघरुणाखाली होता. कपाटावर तो विकतचा डबा अजून सीलबंद पडलेला. मी म्हटलं, आप्पा, आता तरी हे बसवून टाका.

आप्पा म्हणाले, "वहिनी, ह्याची फ्लॉपी टपालानं येते. टपालवाला दाराच्या फटीतून आत टाकतो आणि निघून जातो. फुकटवाल्याला घरात यावं लागतं."

मी म्हटलं, मग तुम्हीच जाऊन या कामरेजला. तर म्हणाले, मुलीच्या सासरी बापानं उठसूट जाऊ नये, आणि बोलवावं तर कारण नाही. कॉम्प्युटर ठणठणीत आहे. रोज सकाळी उघडून बघतो, सगळी अक्षरं जागच्या जागी. थोडा वेळ ते लोणच्याच्या बरणीवरचं फडकं सारखं करत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला, व्यसनाचं विचारताना आणायचे तसा.

"वहिनी, नंदाकडे होती ना, तसली अक्षरं पाडणारी फ्लॉपी तुमच्या बँकेत एखादी मिळेल का?"

मी बघते म्हणाले आणि वर येऊन कामरेजला दुकानात फोन लावला. फोन नंदानंच घेतला. मी सांगितलं, आप्पांच्या कॉम्प्युटरवर पुन्हा अक्षरं पडायला लागली आहेत. ती फ्लॉपी तिनं लग्नात कामरेजला बरोबर नेली होती, तेव्हा हे शक्य नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"रविवारी येतो आम्ही," ती म्हणाली. "आणि ताई, आप्पांना सांगा, पोहे करू नका. मी येऊन करीन."

मी निरोप द्यायला खाली गेले, तेव्हा आप्पा गुलाबी पांघरूण काढून पडदा पुसत होते.